दुकान पडलंय, गंधाली

लिओनार्डचा निरोप आला तेव्हा मी बोरिवलीच्या बाजारात भाजीवालीशी कोथिंबिरीवरून हुज्जत घालत होते. एका हातात जुडी, दुसऱ्या हातात फोन. फोनवर त्याचं नाव आणि नावाखाली दोन ओळी. ‘गंधाली, दुकान पडलंय. आधी चहा घे, मग बघ. मी काही केलेलं नाही.’ मी वाचलं आणि पहिल्या क्षणी मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट वैताग आला. हा माणूस सकाळी सकाळी सुखाने भाजीसुद्धा घेऊ देत नाही, असं मनात आलं आणि मी तोंडातल्या तोंडात ‘बघते रे बाबा’ म्हणालेसुद्धा. मग भाजीवालीने माझ्या हातातली जुडी ओढून घेतली. ‘घ्यायची नाय तर चुरगळू नका ताई,’ ती म्हणाली. तेव्हा मला आठवलं, की लिओनार्डला जाऊन वर्ष होऊन गेलंय. मी बाजूच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसले. माणसं माझ्या पायांवरून पिशव्या नेत होती. मला घाम फुटला होता, आणि मे महिना असल्यामुळे तो कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं.

भुताटकी नव्हती ती. मी याच धंद्यातली आहे, दहा मिनिटांत मला सगळा उलगडा झाला. मालाडला सोफे दुरुस्त करणाऱ्या एका गाळ्याच्या वर आमचं दोघांचं ऑफिस होतं, लिओनार्डचं आणि माझं. लोकांना ऑनलाइन दुकानं बांधून द्यायची, एवढाच उद्योग. कुणाच्या साड्या, कुणाची लोणची, कुणाच्या योगासनांच्या चटया. पण पहिलं दुकान लिओनार्डने बांधलं ते त्याच्या आईसाठी, गोराईच्या ल्युसी ममींच्या बाटली मसाल्यासाठी. मिरच्या आणि नाना तऱ्हेचे मसाले उन्हात वाळवायचे, भाजायचे, कांडायचे आणि बीअरच्या तपकिरी बाटल्यांमध्ये ठासून भरायचे. वर्षातून एकदाच, उन्हाळ्यात. ते दुकान ज्या सर्व्हरवर होतं, त्याच मशीनवर लिओनार्डने एक छोटासा पहारेकरी बसवला होता. दर थोड्या वेळाने तो दुकानाच्या दारावर टकटक करायचा आणि आतून उत्तर आलं नाही, म्हणजे आमच्या भाषेत दुकान पडलं, की मला मेल टाकायचा. लिओनार्ड त्याला ‘राखणदार’ म्हणायचा. शब्द माझ्या आईकडून उचललेला. आई मालवणकडची. माशाच्या जेवणाला आमच्याकडे आला की तो तिला खोदून खोदून विचारायचा, राखणदार म्हणजे नक्की कोण, दिसतो का, कसा दिसतो. आई सांगायची, जागेची राखण करणारा, रात्रीचा काठी आपटत फिरणारा, कुणी वाईट हेतूने आलं की हाक मारणारा. ‘म्हणजे आमच्या सर्व्हरला हाच पाहिजे,’ लिओनार्ड म्हणाला होता. कोरडी सूचना पाठवेल तो लिओनार्ड कसला! त्याने बसून वेगवेगळे निरोप लिहून ठेवले होते, दुकान पडलं की त्यातला एखादा चिठ्ठी टाकल्यासारखा उचलला जायचा. वर्षभर दुकान सुतकामुळे बंद होतं, पण ‘बंद आहे’ हे सांगणारं पान जागेवर होतं, त्यामुळे राखणदार गप्प होता. आदल्या संध्याकाळी मी दुकानाचा पत्ता नव्या मशीनकडे वळवला, तो बदल लागू व्हायला सकाळ झाली. नव्या मशीनवर अजून काहीच धड मांडलेलं नव्हतं. राखणदाराने टकटक केली, आतून उत्तर आलं नाही, आणि त्याने मला हाक मारली.

कळलं म्हणून भीती जाते, असं थोडंच आहे? मी घरी आले, चहा ठेवला आणि ठेवता ठेवता लक्षात आलं की मी चहा त्याने सांगितला म्हणून ठेवतेय. मग मी ओट्याशी उभी राहून रडले. वर्षभरात मी नीट रडले नव्हते, कारण मला तसा हक्कच नव्हता. बायको असेल तर काळे कपडे घालते. आई असेल तर लोक तिच्याजवळ येऊन बसतात. शेजारच्या खुर्चीवर दहा-बारा वर्षं बसलेल्या बाईला काय? सहकाऱ्याचं सुतक नसतं. तो गेला त्या सकाळी मी मालाडला ऑफिसात त्याची वाट बघत होते, तो गोराईच्या जेटीवर बोटीच्या रांगेत उभ्या उभ्या कोसळला. लोकांनी मला विचारलं ते एवढंच, की आता ऑफिसचं काय करणार? मी ऑफिस सोडलं, घरून कामं घ्यायला लागले, आणि त्याच्या खुर्चीचं काय झालं ते मी सोफेवाल्याला कधी विचारलं नाही. आमच्यात दुसरं काही नव्हतं. लोकांनी शोधलं असेल, सापडलं नाही. पण दिवसातले जितके तास तो माझ्याशी बोलला तितके तो घरी कुणाशी बोलला नसेल, हे मला माहीत होतं आणि त्याच्या बायकोलाही, म्हणजे जोॲनला, माहीत असावं. ती माझ्याशी नेहमी चांगली वागली. जरा जास्तच चांगली.

काम तिनेच सोपवलं होतं. जुना सर्व्हर लिओनार्डच्या कार्डावर होता, बँकेने कार्ड बंद केलं, आणि सर्व्हरवाल्यांनी कळवलं की या रविवारी संध्याकाळी मशीन बंद होईल. त्याच रविवारी दुकान उघडायचं होतं. चर्चमध्ये त्याच्या वर्षाची मिस्सा झाली, सुतक संपलं, ल्युसी ममींनी यंदाचा मसाला कांडून घेतला, आणि जोॲनने साऱ्या गिऱ्हाइकांना कळवलं, रविवारी दुपारी बारा वाजता दुकान उघडेल. मागच्या उन्हाळ्यात मसाला नव्हता. यंदाही मिळाला नाही तर लोक दुसरीकडे वळणार, आणि लिओनार्डची मिळकत बंद झाल्यावर त्या घराचा भार त्या बाटल्यांवरच होता. ‘एकदा चालू करून दे गं, मग तुला त्रास नाही देणार,’ जोॲन फोनवर म्हणाली होती. त्रास! मला त्या शब्दाचा राग आला होता.

तर मी कामाला लागले. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना सांगते, दुकानाचा प्रोग्रॅम कुठल्याही मशीनवर तोच असतो, पण प्रत्येक नव्या मशीनवर त्याला चार गोष्टी सांगाव्या लागतात. माल कुठल्या कपाटात आहे, कपाटाची किल्ली कोणती, मेल कुणाच्या नावाने पाठवायचा. नवी सून घरात आली की तिला सांगतात तसं. यातली एक जरी गोष्ट चुकली तरी सून उंबऱ्यावर थिजून उभी राहते आणि काय चुकलं ते सांगत नाही. माझ्या लॅपटॉपवर दुकान झकास चालत होतं. नव्या मशीनवर चढवलं की नुसतं पांढरं पान. मी एक सेटिंग बदलायची, चढवायची, पांढरं पान यायचं, आणि थोड्या वेळाने फोन थरथरायचा. ‘परत पडलं? डेटाबेसचा पासवर्ड बघ. तूच बदलला असशील आणि तुला आठवत नसेल.’ बघितलं, तर पासवर्डच चुकलेला! निरोप चिठ्ठ्या टाकून उचलले जातात हे मला माहीत होतं, ही निव्वळ योगायोगाची गोष्ट होती, आणि तरीही माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. मी मागे वळून बघितलं. मागे फ्रिज होता.

मग एक विचित्र गोष्ट घडली, म्हणजे मीच घडवली. शनिवारी संध्याकाळी मला शेवटची चूक सापडली. चित्रांच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी प्रोग्रॅमला दिली नव्हती, इतकी साधी. एक ओळ लिहिली की दुकान उभं राहिलं असतं. मी ती ओळ लिहिली आणि चढवली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिले. दुकान पडलेलं राहिलं तरच तो बोलणार होता. निरोप सगळेच्या सगळे जुन्या मशीनवर एका फाईलमध्ये पडले होते, ती उघडून एका बैठकीत वाचून संपवता आले असते, आणि तेच मला नको होतं. मला ते वाचायचे नव्हते, मला ते यायला हवे होते. ‘अजून नाही झालं? मग मुद्दाम करतेयस,’ एक निरोप आला. मी मोठ्याने हसले. हो रे, मुद्दाम करतेय. जोॲनचा फोन आला, ‘झालं का गं?’ आणि मी म्हटलं, ‘होतंय, बारीकसारीक राहिलंय.’ त्या घराचं सगळं त्या दुकानावर अडलेलं, आणि मी दार आतून लावून बसलेली. मला स्वतःची शिसारी आली, पण दार मी झोपायच्या आधी एकदाच, ती ओळ चढवून, उघडून बघितलं आणि ओळ काढून परत लावून घेतलं.

आईला मी सांगितलं. ती शेंगा सोलत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘राखणदार जाग्याचो असता, माणसांचो नसता. जागो सोडलो की तेका बरोबर नेवचो नाय.’ मी म्हटलं, आई, तो प्रोग्रॅम आहे, उचलून दुसरीकडे ठेवता येतो. तिने माझ्याकडे बघितलं. ‘मगे ठेव,’ ती म्हणाली. ‘माका कित्याक विचारतंस?’ तिच्या आवाजात राग नव्हता, आणि पुढे ती शेंगांकडेच बघत राहिली.

रविवारी मी बोटीने गोराईला गेले. पलीकडे उतरून त्या जेटीवरून चालताना मी खाली बघितलं नाही. घर चर्चच्या मागे, ओटीवर बाटल्या ओळीने मांडलेल्या, सगळ्या आळीत मिरचीचा खाट. मला शिंका थांबेनात. जोॲन पुढे आली. तिने फुलाफुलांचा निळा ड्रेस घातला होता आणि तो तिला सैल होत होता. मला तिला काळ्यातच बघायची सवय झाली होती. ‘बस ना, त्याच्याच टेबलावर बस,’ ती म्हणाली. ल्युसी ममी स्वयंपाकघरातून ओरडल्या, ‘आली का बाय? फुगे तळतंय, जेवल्याबिगर जायचं नाय हां!’ त्या कानाने अधू झाल्या होत्या आणि सगळंच ओरडून बोलत. लिओनार्ड म्हणायचा, माझी ममी कबुलीजबाबसुद्धा ओरडून देते, फादरला पंचाईत होते. मी त्याच्या खुर्चीवर बसले, लॅपटॉप उघडला आणि ती एक ओळ चढवली. बाराच्या ठोक्याला दुकान उघडलं. पहिली ऑर्डर मुलुंडची आली, मग वसईची, मग कुवेतच्या कुणा मावशीची. जोॲन प्रत्येक नाव मोठ्याने वाचत होती. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच वेळी तो खालीही गेला, कारण आता तो काही बोलणार नव्हता.

साडेबाराला ऑर्डरी थांबल्या. जोॲनचा फोन वाजायला लागला. ‘शॉप बंद झालं काय गं?’ मी पान उघडलं. पांढरं पान नव्हतं या वेळी. दुकानाचं नाव होतं, बाटल्यांचं चित्र होतं, आणि बरोबर मधोमध लिहिलं होतं: ‘आम्ही सगळे मिस्सेला गेलो आहोत. परत आलो की दुकान उघडू. लिओनार्ड.’ जोॲनने माझ्या खांद्यावरून ते वाचलं. बाहेर रणरणतं ऊन होतं, चर्च कुलूपबंद, फादर जेवायला बसले असतील. ‘आता कुठली मिस्सा?’ ती अखेर म्हणाली आणि तिने छातीवर क्रूसाची खूण केली. मी म्हटलं, ‘थांब, काहीतरी सेटिंग असेल.’ मी शोधायला लागले. डेटाबेस ठीक, पासवर्ड ठीक, परवानग्या ठीक. कुठेही चूक नाही, आणि दुकान शांतपणे सांगत होतं की लिओनार्ड घरच्यांना घेऊन मिस्सेला गेलाय. बारा वाजता उघडलेलं दुकान साडेबाराला कुणी बंद केलं? मी तर हातही लावला नव्हता. ‘काय झालं?’ ल्युसी ममी हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आल्या. जोॲनने त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. ‘आता कंची मिस्सा? मिस्सा सकाळी सातला,’ ममी वैतागून म्हणाल्या आणि तळणाकडे परत गेल्या.

सात. तेव्हा मला आठवलं. दुकान नवीन होतं तेव्हा ममींनी अट घातली होती, रविवारी मिस्सेच्या वेळेत धंदा करायचा नाही, पाप लागेल. ‘अगं पण कुणी दुकानात बसलेलंच नसतं, ममी, ते आपोआप चालतं,’ असं लिओनार्डने किती समजावलं! ममी ऐकेनात. शेवटी त्याने प्रोग्रॅमला शिकवलं, दर रविवारी सात ते नऊ दार लावून घे. मी त्याला चिडवलं होतं, जगातलं पहिलं बाप्तिस्मा झालेलं सॉफ्टवेअर म्हणून. जुन्या मशीनचं घड्याळ त्याने हाताने मुंबईच्या वेळेला लावलं होतं आणि अर्थातच कुठे नोंदवून ठेवलं नव्हतं. नवं मशीन ग्रीनिचच्या वेळेवर होतं, आपल्या साडेपाच तास मागे. त्याच्या हिशेबाने आत्ता कुठे रविवारचे सात वाजले होते. चूक सापडल्यावर मला नेहमी हायसं वाटतं, या वेळी वाटलं नाही. मी त्या आकड्यांकडे बघत बसले. तिकडे अजून सकाळ होती. ऊन कोवळं असेल, घंटा झाली असेल, हा बाकावर मागे बसून जांभया देत असेल आणि ममी त्याला कोपराने ढोसत असतील. त्या सकाळी अजून कुणी जेटीवर गेलेलं नव्हतं. मी ते घड्याळ पुढे केलं की ती सकाळ पुसली जाणार. एक सेटिंग, एक ओळ. माझा हात होईना.

आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यात लिओनार्डचा निरोप उमटला. राखणदार जुन्या मशीनवर होता, त्याला मुंबईची वेळ माहीत होती, आणि मिस्सेचं पान त्याला फक्त रविवारी सकाळी सात ते नऊ चालायचं, भरदुपारी ते दिसणं त्याच्या दृष्टीने गैर होतं. ‘मी बोटीत बसलोय. पोचतोच.’ एवढंच. जोॲन माझ्या मागेच उभी होती. मला झाकायला वेळ मिळाला नाही.

ती भिंतीला टेकली. मग वळून दाराकडे गेली आणि आळीत बघत उभी राहिली, म्हणजे जेटीवरून जी वाट येते तिकडे. मी उठले, तिला सगळं सांगितलं, प्रोग्रॅम कसा आहे, निरोप कधी लिहिलेले आहेत. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. ‘खोटारडा,’ ती म्हणाली. ‘बोटीत बसलोय म्हणायचा तेव्हा नेहमी घरी असायचा. टॉवेल गुंडाळून. मी ऐकायची ना, इथेच उभा राहून तुला फोनवर सांगायचा.’ आणि ती हसायला लागली आणि हसता हसता तिचा श्वास अडकला. मग पदर नसलेल्या बाया पुसतात तशी ड्रेसच्या बाहीने डोळे पुसत तिने विचारलं, ‘तुला कधीपासून येतायत हे?’

‘गुरुवारपासून.’

‘किती आले?’

‘सात-आठ.’

‘आणि मला सांगावंसं नाही वाटलं तुला?’

काय सांगणार होते? की वर्षभर सगळे तुझ्याकडे आले, हे एवढंच माझ्या एकटीकडे आलं, म्हणून मी ते दाबून ठेवलं? ‘माझ्यासाठी आहे एखादा त्यात?’ तिने विचारलं. मला माहीत होतं, नसणार. ती या कामात नव्हती, राखणदाराला तिचा पत्ताच ठाऊक नव्हता. ‘नाही गं,’ मी म्हटलं. ती मान हलवत राहिली. मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढेल, आणि काढलं असतं तर मी गेले असते. फोन वाजतच होता. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. ‘दुकान चालू कर,’ ती म्हणाली. मी परत बसले आणि घड्याळ मुंबईच्या वेळेला लावलं. ओळ लिहिताना मी श्वास रोखून धरला होता. पान बदललं, मिस्सा संपली, दुकान उघडलं, ऑर्डर आली. जोॲनने स्टूल ओढलं आणि माझ्या शेजारी बसली, इतकी जवळ की तिच्या केसांना येणारा मिरचीचा वास मला येत होता.

‘परत पाड,’ ती म्हणाली.

‘जोॲन, गिऱ्हाइकं आहेत.’

‘थांबतील दोन मिनिटं. पाड ना यार. तू चार दिवस ऐकलंस. मी एकदाच ऐकलं.’

मी डेटाबेसच्या पासवर्डचं एक अक्षर खोडलं. पांढरं पान आलं. आम्ही दोघी वाट बघत बसलो. आतून तळणाचा आवाज येत होता. मग निरोप उमटला: ‘गंधाली, दुकान पडलंय. आधी चहा घे, मग बघ. मी काही केलेलं नाही.’ जोॲनने दोन्ही हात तोंडावर ठेवले. ‘हेच! लहानपणापासून हेच, ममी सांगतात, काहीही फुटलं की मी केलेलं नाही!’ तिचा चेहरा उजळला होता, मी वर्षभरात तिला तशी बघितली नव्हती. मी तिला सांगितलं नाही, की हा निरोप जुना आहे, हा भाजीच्या बाजारात आला होता. चिठ्ठ्या संपत आल्या होत्या, किंवा संपल्या नव्हत्या आणि राखणदाराचा हात पुन्हा तीच उचलत होता, काहीही असो. ‘अजून एक,’ जोॲन म्हणाली. तिचा फोन वाजत होता. मी दुकान उभं केलं, एक ऑर्डर येऊ दिली, आणि परत पाडलं. या वेळी आम्ही एकमेकींचे हात धरले होते, कुणी कुणाचा धरला ते कळलं नाही.

‘मी बोटीत बसलोय. पोचतोच.’

जोॲनने ते वाचलं. मग परत वाचलं. ‘हे आलं होतं मगाशी,’ ती म्हणाली. मी हो म्हटलं. ती स्क्रीनकडे बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू उतरत गेलं. तो उजेड गेला आणि मागे दमलेली बाई उरली. ‘पोचत नाही गं हा,’ ती म्हणाली. ‘असा म्हणतच राहील. आपण विचारायचं आणि याने म्हणत राहायचं.’ मी तिला सांगितलं, की संध्याकाळी मशीन बंद होईल तेव्हा हा आपोआप संपेल, पण तुला हवा असेल तर आत्ता उचलून नव्या मशीनवर ठेवते, पाच मिनिटांचं काम आहे. हे मी तिच्यासाठी म्हणत नव्हते. ती हो म्हणावी म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले होते. तिने ते ओळखलं असावं. ‘तुला पाहिजे आहे,’ ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. मी मान हलवली. तिने माझ्या पाठीवर हात फिरवला, लोक तिच्या पाठीवर फिरवायचे तसा, आणि मला तिथे, त्याच्या खुर्चीवर, त्याच्या घरात, अखेर मोकळेपणी रडू आलं. ममी दारात आल्या, बघितलं, आणि ओरडण्याऐवजी एकदाच हळू आवाजात म्हणाल्या, ‘रडू दे तिला. तिचा बी होता.’

रडून झाल्यावर मी दुकान उभं केलं आणि जुन्या मशीनवरचा राखणदार थांबवला. संध्याकाळपर्यंत थांबले नाही. फाईल उघडली नाही. थांबवायचा हुकूम देताना मशीनने विचारलं, नक्की का, आणि मी हो टाइप केलं, बस. काहीही झालं नाही. बाहेर कोंबडा आरवत होता, अवेळी, गोराईतले कोंबडे दिवसभर आरवतात.

‘आता पडलं तर कोण सांगेल?’ जोॲनने विचारलं. मी म्हटलं, नवा पहारेकरी बसवते, साधा. काय लिहू निरोपात? तिने विचार केला. ‘लिही, दुकान पडलंय. ये.’ ‘एवढंच?’ ‘एवढंच. काम असलं-नसलं तरी ये म्हणजे झालं.’ ‘नाव कुणाचं घालू?’ ‘माझं घाल ना. अजून कुणाचं घालणार?’ मी घातलं. नवं काही बसवलं की एकदा पाडून बघायचं असतं, हा धंद्याचा नियम, म्हणून मी दुकान शेवटचं पाडलं. जोॲन ताटं मांडायला उठली होती, जाता जाता थांबली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून वाकून बघायला लागली. फोन थरथरला. ‘दुकान पडलंय. ये. जोॲन.’ तिचा हात माझ्या खांद्यावर होता, गरम, मिरचीच्या वासाचा, तिचा श्वास माझ्या कानापाशी लागत होता, आणि तिचा निरोप हुबेहूब त्याच्यासारखाच आला होता. त्याच अक्षरात, तितकाच जिवंत. उद्या लिहिणारीला काहीही झालं तरी हा निरोप असाच येत राहिला असता. मला एकदम तिच्यासाठी भीती वाटली, पोटातून, लहान मुलांसाठी वाटते तशी.

‘चालतंय ना?’ तिने विचारलं.

‘चालतंय,’ मी म्हटलं, आणि तिने हात काढून घ्यायच्या आत मी तो घट्ट धरून ठेवला.